प्रभाताईंचा हिरवा मणी

प्रभाताई अहिरे माझ्या छापखान्यात पहिल्यांदा आल्या, तेव्हा नमस्कार करायच्या आधी त्यांनी वास घेतला. दारातच थांबल्या, नाक किंचित वर केलं आणि म्हणाल्या, "शाई बदललीत का हो भाऊ? बाहेर लावलेल्या नमुन्यांना हा वास नाही."

बदलली होती खरी. नेहमीची शाई त्या आठवड्यात मिळत नव्हती म्हणून दुसरी आणली होती. नाशिकला अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा लेबलं छापायचा छोटासा छापखाना. चिवड्याची पाकिटं, मसाल्याचे डबे, औषधांच्या बाटल्या, सगळ्यांची लेबलं आम्ही छापली. गिऱ्हाइकांनी रंगावरून वाद घातले, अक्षरांवरून घातले. शाईच्या वासावरून बोलणारी ही पहिलीच बाई.

बुटक्या, बांध्याच्या भक्कम, सुती साडी नेटकी खोचलेली, मनगटावर पुरुषी थाटाचं मोठं घड्याळ. पिशवीतून त्यांनी एक बाटली काढली आणि नॅपकिनमध्ये गुंडाळलेला स्टीलचा चमचा. बाटलीत काहीतरी हिरवट, दाटसर होतं. चमचाभर माझ्यासमोर धरलं.

"आधी खा. मग लेबलाचं बोलू."

मी खाल्लं. आधी आंबट. चिंचेचं नाही, लिंबाचं नाही, कैरीचंही नाही. कोवळं, करकरीत असं काहीतरी. त्याच्या मागून भाजलेल्या मिरचीचा धूर आणि लसूण, आणि सगळं संपलं असं वाटतंय तोवर अगदी शेवटी गुळाचा एक पुसटसा हात. कसं लागलं, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या, एखादा डॉक्टर पोट दाबताना पेशंटच्या चेहऱ्याकडे बघतो तशा.

"बास. कळलं."

"काय कळलं?"

"तिखट तुम्हाला सोसत नाही. पण दुसरा चमचा हवाय."

दुसरा चमचा मी घेतला. डोळ्यांतून पाणी येत होतं आणि मी तिसरा मागत होतो.

लेबलावर काय लिहायचं, यावरून मग आमचं जुंपलं. असल्या वस्तूंवर काय लिहितात ते मला पाठ होतं. मी सुचवलं, 'आजीच्या हातची चव'.

"माझी आजी स्वयंपाकात अगदीच बेतास बात होती," त्या म्हणाल्या. "तिच्या हातची आमटी आजोबा मुकाट गिळायचे. मेलेल्या बाईच्या नावावर खोटं कशाला?"

"मग 'घरगुती' लिहू?"

"घरात कुठे केलंय? शेडमध्ये केलंय. फरशी रोज धुतो आम्ही. ते लिहा पाहिजे तर."

शेवटी बाटलीवर दोनच गोष्टी राहिल्या. एक म्हणजे आत काय आहे ते, स्वच्छ आणि मोठ्या अक्षरांत. आणि दुसरं नाव, 'हिरवा मणी'. नाव त्यांचंच. मणी म्हणजे द्राक्षाचा. बाटलीतला तो अनोळखी आंबटपणा कच्च्या द्राक्षांचा होता.

लेबलाचे ताव तयार झाल्यावर त्या आल्या, एक ताव उचलला, नाकाशी नेला आणि गठ्ठा माझ्याकडे सरकवला. "परत छापा. बाटलीला वास लागेल." मी चिडलो. बाटली काचेची, झाकण घट्ट, वास लागणार कुठून? "गिऱ्हाईक बाटली हातात धरतं, भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या. "धरल्या हाताने जेवतं." मी परत छापले. त्यानंतर त्यांच्या प्रत्येक कामाचे ताव आधी त्यांच्या नाकाखालून जायचे आणि मगच गाडीत चढायचे.

या नाकामागे बरीच वर्षं होती. सटाण्याकडच्या प्रभाताई लग्न होऊन नाशिकला आल्या. विज्ञानाची पदवी होती, म्हणून सातपूरच्या एका सॉसच्या कारखान्यात गुणवत्ता तपासायच्या खात्यात लागल्या आणि पुढे त्या खात्याच्या प्रमुख झाल्या. रोज सकाळी आदल्या दिवशीचा माल चाखायचा आणि पुढे जाऊ द्यायचा की नाही ते सांगायचं. त्यापायी त्यांनी आलं घातलेला चहा सोडला, विडा सोडला, गजरा सोडला. घरातली उदबत्तीसुद्धा संध्याकाळची केली. यजमान शाळेत गणित शिकवायचे. ते एकदा मला हसून म्हणाले होते, "आमच्या लग्नात अत्तर लावलं होतं मी. त्यानंतर आजतागायत नाही."

मग तो कारखाना गुजरातेत गेला. ज्यांना जायचं नव्हतं त्यांना हार-नारळ देऊन घरी बसवलं. प्रभाताई पन्नाशीला आल्या होत्या. भाजीवर झाकण ठेवायच्या आत तिचं मीठ सांगणारी ही बाई घरी बसून करणार काय?

दिंडोरीकडे भाऊसाहेब म्हणून त्यांचे दूरचे नातेवाईक, द्राक्षबागायतदार. थंडीच्या दिवसांत त्या सहज त्यांच्याकडे गेल्या होत्या. बागेत घड पोसायला लागले की जास्तीचे घड काढून टाकतात, उरलेल्यांना जोर मिळावा म्हणून. ते काढलेले हिरवे घड मातीत पडलेले असतात. मण्यात अजून पाणी उतरलेलं नसतं, म्हणजे गोडी धरलेली नसते. दगडासारखे टणक आणि आंबटढाण. बायका त्यावरून पाय देऊन चालत होत्या. प्रभाताईंनी एक घड उचलला, पदराला पुसला, मणी तोंडात टाकला आणि उभ्याच राहिल्या.

"ताई, थुका ते," भाऊसाहेब ओरडले. "दात आंबतील! अन् औषध मारलंय परवाच."

ताई थुंकल्या, पण घड हातातच राहिला. त्या म्हणायच्या, "जन्मभर टोमॅटो, चिंच आणि व्हिनेगर चाखलं. माझ्या गावापासून दोन तासांवर असलं आंबट मातीत पडतंय, ते मला पन्नाशीला कळावं? मला लाजच वाटली."

बागेत त्या दिवशी काम करणारी एक बाई पुढे त्यांच्याबरोबर आली. तिचं नाव हिराबाई गांगुर्डे. दिंडोरीच्या पलीकडच्या पाड्यावरची, उंच, तोंडाने फटकळ. तिच्याबद्दल पुढे सांगेन.

पहिल्या वर्षीचा माल झाला. वसाहतीत शेड भाड्याने घेतलेलं, मोठी पातेली, हिराबाई धरून सहा बायका. लेबलं मीच छापून दिली होती. बाटल्या भरून खोकी रचली, आणि ताईंनी एक बाटली तपासायला प्रयोगशाळेत पाठवली. कायद्याला लागतं त्यापेक्षा कडक तपासणी मागितली होती. उत्तर आलं की फवारणीच्या औषधाचा अंश आहे. मर्यादेच्या आतच, पण आहे.

मी तेव्हा योगायोगाने शेडवर होतो. कागदाची घडी घालून ताईंनी कमरेला खोचली आणि म्हणाल्या, "हिरा, मागच्या अंगणात खड्डा घ्या."

"कशाला वो?"

"सगळं ओतायचंय."

मर्यादेच्या आत आहे, विकायला कायद्याची हरकत नाही, हे मी बोलून पाहिलं. शेवटी म्हणालो, "अहो ताई, कुणाला कळणार आहे?"

त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. राग नव्हता, नवल होतं. "मला कळलंय की. मी कुणीच नाही का?"

दुपारभर त्या बाटल्या उघडत होत्या आणि ओतत होत्या. लसणा-मिरचीचा तो भरलेला, भूक लावणारा वास साऱ्या वसाहतीत पसरला. शेजारच्या वर्कशॉपमधली माणसं जेवण कुठे आहे ते विचारायला आली. दोन बायका रडत होत्या. ताई रडल्या नाहीत. रिकाम्या बाटल्या धुवायला मात्र त्या स्वतः बसल्या, आणि बसल्या बसल्या एकदाच, माहेरच्या बोलीत, स्वतःशी पुटपुटल्या, "हाई काय शे... हाई काय करी बसनू मी." हे काय करून बसले मी, असं. पुन्हा पाणी सोडलं आणि पुढची बाटली घेतली.

पुढच्या हंगामात त्या भाऊसाहेबांच्या बागेत जाऊन बसल्या. कडेच्या ओळी माझ्या, म्हणाल्या. त्यांना मी सांगेन तेव्हाच आणि सांगेन तेच औषध.

"ताई, औषधाबिगर बाग हाती लागत नाय. बुरशी एका रातीत पानं खाती."

"मग मी सकाळी बघायला येते."

आणि खरंच येत राहिल्या. पहिल्या बसने दिंडोरी, तिथून पायी बाग, पानं उलटी करून बघायची आणि उन्हं चढायच्या आत शेडवर परत. भाऊसाहेब मला एकदा म्हणाले, "आधी मला वाटलं ही बाई येडी हाय. मग मलाच झोप येईना. म्हटलं, तिच्या ओळी आपल्या हातून बिघडायला नको." दोन वर्षांत त्यांनी ताईंच्या ओळींच्या पलीकडेही तीच पद्धत नेली. ताईंनी ओळी घेतल्या त्या पहिल्या हंगामाची बाटली तपासून आली तेव्हा तिच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

'हिरवा मणी' हळूहळू चालायला लागला. मिसळीच्या दोन हॉटेलांनी टेबलांवर ठेवला. बाटल्या चोरीला जायला लागल्या, तेव्हा माल चांगला आहे असं मी धरून चाललो.

मग ती साथ आली. सगळं बंद झालं, सगळे घरात. ताई आणि त्यांचे यजमान दोघेही तापाने पडले. दोघेही उठले. शेड पुन्हा सुरू झालं तेव्हा मी लेबलांचा गठ्ठा घेऊन गेलो. ताव समोर ठेवला आणि सवयीने थांबलो, त्यांनी नाकाशी नेण्याची वाट बघत.

त्यांनी पेन काढलं आणि पावतीवर सही केली.

मग त्यांनी मान वर केली. माझा चेहरा वाचायला त्यांना कितीसा वेळ लागणार!

"गेला भाऊ," त्या म्हणाल्या. "वास गेला. चवही गेली. मीठ कळतं, साखर कळते, तिखट लागतं ते नुसतं झोंबतं. बाकी सगळं पुठ्ठा खाल्ल्यासारखं."

"येईल परत. सगळ्यांचा येतोय."

"हो. येईल."

काही महिन्यांनी तो आला खरा, पण असा की न येता तर बरं. डॉक्टर म्हणाले, नसा भरून येताना कधीकधी चुकीच्या जुळतात. चहाला जळक्या रबराचा वास. कांद्याला कुजक्याचा. आणि लसूण तेलात पडला की, त्यांच्याच शब्दांत, "कुणीतरी गटाराचं झाकण उघडल्यासारखं." डॉक्टरांनी लवंग, लिंबू, गुलाब आणि निलगिरी रोज हुंगायला सांगितलं होतं, नाकाला पुन्हा शिकवायला म्हणून. त्या रोज पहाटे चार बाटल्या घेऊन शाळकरी मुलीसारख्या अभ्यासाला बसायच्या.

मी एका सकाळी शेडच्या मागच्या बाजूने आत जात होतो. आत लसूण परतायला घातला होता. मला तर तो वास आल्याबरोबर भूक लागली. नळापाशी प्रभाताई वाकून ओकत होत्या. हिराबाई त्यांची पाठ चोळत होती. ताईंनी चूळ भरली, तोंड धुतलं, घड्याळ पुसून पुन्हा मनगटावर चढवलं. मला बघून ओशाळल्या नाहीत.

मी म्हणालो, "ताई, काही दिवस पातेल्यापासून लांब राहा. हिराबाई आहे ना."

"वास मला घाण येतोय भाऊ," त्या म्हणाल्या. "लसूण चांगलाच आहे. त्याचं काय चुकलंय?"

आणि आत गेल्या. मी दारातून बघत होतो. त्या पातेल्याजवळ उभ्या राहिल्या, पळी हातात घेतली, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची एक रेषा हलली नाही. तो दिवस, त्याच्या पुढचा दिवस, पुढचं वर्ष आणि त्यानंतरही. ज्या वासाने आम्ही शेडपाशी घुटमळायचो, त्या वासात त्या रोज नरक सोसत उभ्या असायच्या. मी देवळात जातो, हात जोडतो, सगळं करतो. पण कुणासमोर आपोआप मान खाली गेली असेल, तर त्या सकाळी त्या पातेल्यासमोर.

चाखणार कोण, हा प्रश्न होता. ताईंनी तो असा सोडवला की सहाही बायकांना त्यांनी चाखायला शिकवायला घेतलं. आधी हिराबाईला बोलावून म्हणाल्या, "मशेरी सोडावी लागेल."

"ताई, सासूला सोडीन, मशेरी नाय सुटायची."

"मग जीभ माझ्या उपयोगाची नाही."

हिराबाई आठवडाभर सगळ्यांवर डाफरत राहिली, पण मशेरी सुटली.

मग शिकवणी सुरू झाली. पहिला नियम म्हणजे 'छान' म्हणायचं नाही. "छान साडी असते," ताई म्हणायच्या. "मला छान कळत नाही. मला काहीच कळत नाही असं समज, आणि सांग." बायका आधी हसायच्या, मग अडायच्या. लग्नानंतर इतक्या वर्षांत त्यांना कुणी चव विचारली नव्हती. त्यांना मीठ कमी-जास्त झाल्याचं ऐकायची सवय, सांगायची नाही. ताई सोडायच्या नाहीत. आंबट कुठे लागतं? जिभेच्या टोकाला की कडेला? मिरची आधी येते की मागून? येऊन थांबते की जाते?

हळूहळू शब्द यायला लागले. एक म्हणाली, "मीठ पुढं पळतंय, बाकीचं मागं राहिलंय." दुसरी म्हणाली, "लसूण रुसलाय, नीट परतला नाय." हिराबाई सगळ्यांत पुढे. एकदा तिने चमचा तोंडात धरला, डोळे मिटले आणि म्हणाली, "हा घड उन्हाच्या बाजूचा हाय. जरा पाणी उतरायला लागलंय मण्यात." ताईंनी भाऊसाहेबांना फोन लावला. तोड एक दिवस उशिरा झाली होती. फोन ठेवून ताईंनी हिराबाईचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

मला विचाराल तर धंदा खरा मोठा झाला तो इथून. एका जिभेचा माल सहा जिभांचा झाला. कांद्याचा नवा प्रकार निघाला, काळ्या द्राक्षांचा आणि मोहरीचा निघाला. दिंडोरीच्या वाटेवरच्या एका वायनरीने चाखायला येणाऱ्या पाहुण्यांपुढे वाईनबरोबर 'हिरवा मणी' ठेवायला सुरुवात केली. मुंबई-पुण्याची माणसं वाईन प्यायला यायची आणि जाताना बाटल्या न्यायची, त्या चटणीच्या.

त्यातूनच मुंबईची ती मंडळी आली. तिघं होती, तरुण, बोलायला अदबशीर. मोठी कंपनी होती मागे. मला ताईंनी मुद्दाम बोलावलं होतं, लेबलांचा विषय निघणार म्हणून. योजना झकास होती. नवा कारखाना, देशभर दुकानं, आणि प्रत्येक बाटलीवर प्रभाताईंचा फोटो. खाली ओळ, 'प्रत्येक थेंब प्रभाताईंनी चाखलेला'. त्यांनी ते चित्र करूनच आणलं होतं. सुंदर होतं. ताई हसतायत, हातात चमचा.

ताईंनी ते लांब धरून पाहिलं. मग टेबलावर ठेवलं.

"फोटो चांगला आलाय. पण मला चव लागत नाही."

त्यांना वाटलं, चित्राबद्दल बोलतायत. मग ताईंनी सगळं नीट सांगितलं. ताप, वास, लसूण, सगळं. हिराबाई चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती, ती तिथेच थबकली.

त्यांच्यातला जरा मोठा होता तो पुढे झुकून म्हणाला, "मॅडम, आम्हाला सांगितलंत, आभारी आहोत. पण हे बाहेर कुणाला कळायची गरज नाही. चव तर तीच आहे ना?"

"चव तीच आहे. ती ह्या बायका राखतात. ह्यांचे फोटो छापा."

"सहा फोटो? लोक एका चेहऱ्यावर विश्वास ठेवतात, मॅडम."

"म्हणूनच तो खोटा नको," ताई म्हणाल्या.

ती मंडळी चहा पिऊन गेली. पुन्हा कळवतो म्हणाली, आणि कळवलं नाही. गाडी फाटकाबाहेर पडल्यावर हिराबाईने ट्रे आपटला. "ताई, गप बसायचं व्हतं! एवढी चालत आलेली लक्ष्मी. आम्ही कुठं सांगणार व्हतो कुणाला?"

"आणि मी रोज शेडवर येऊन माझाच खोटा फोटो बाटल्यांना चिकटवू? नाही जमायचं हिरा."

त्या दिवशी मात्र त्या खचल्या होत्या. मी निघताना फाटकापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, मी चुकले तर ह्या सहा घरांचं नुकसान केलं. माझं एकटीचं असतं तर प्रश्न नव्हता." उत्तरासाठी त्या थांबल्या नाहीत. शेडमध्ये परत गेल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी माझ्याकडून व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली. त्यावर लिहायचं होतं, 'हिराबाई गांगुर्डे, चव प्रमुख'. खाली बाकीच्या पाच जणींची तशीच कार्डं. हिराबाई स्वतःचं कार्ड उलटंसुलटं करत म्हणाली, "हे दावायचं कुणाला?" ताई म्हणाल्या, "चव कुणाची म्हणून विचारतील त्याला."

आणि विचारणारे यायला लागले. पुण्याच्या एका हॉटेलचा बल्लवाचार्य शेडवर आला आणि दिवसभर त्या बायकांमध्ये बसून त्यांचे शब्द ऐकत राहिला. गेल्यावर त्याने आपल्या ओळखीतल्यांना सांगितलं, त्यांनी पुढे सांगितलं. बंगळूरच्या दुकानांतून मागणी आली, मग विमानतळावरच्या दुकानातून. भाड्याचं शेड जाऊन दिंडोरीच्या बाजूला स्वतःची इमारत झाली. ती बांधताना प्रभाताईंनी कंपनी नव्याने नोंदवली आणि सहाही जणींना तिच्यात भागीदार केलं. मुंबईच्या मंडळींनी पुन्हा फोन केला होता म्हणतात. तेव्हा बोलायला हिराबाईला बसवलं होतं. ती काय बोलली ते मला कुणी सांगितलं नाही. नुसतं हसतात सगळ्या.

चार बाटल्यांचा तो पहाटेचा अभ्यास ताईंनी सोडला नाही. लिंबू थोडंसं सुधारलं. लसूण नाही, कांदा नाही. एकदा मी विचारलं, "वैताग येत नाही?" त्या विचार करून म्हणाल्या, "येतो ना. सणाला जास्त येतो. घरात पुरणाची आमटी उकळत असते, सगळे म्हणतात काय वास सुटलाय, आणि मी खिडकीत जाऊन उभी." मग लगेच, "पण बाकीच्यांचं चालू दे. घरात आमटी झालीच पाहिजे."

छापखाना पुतण्याकडे सोपवून मी आता पुण्याला लेकीकडे आलोय. नाशिक सोडायच्या आधी, मागच्या थंडीत, प्रभाताईंचा निरोप घ्यायला गेलो, तेव्हा नेमका त्यांचा पहिला माल परदेशी निघत होता. इमारतीसमोर कंटेनर लागलेला. खोकी चढत होती. भाऊसाहेब फेटा बांधून उगाच मध्येमध्ये करत होते. कंटेनरचं दार बंद झालं, गाडी वळण घेऊन दिसेनाशी झाली, आणि मग सगळ्यांना एकदम भुकेची आठवण झाली.

जेवायला आम्ही बाहेरच बसलो, इमारतीच्या सावलीत सतरंजी टाकून. बाजरीच्या भाकरी, वांग्याचं भरीत, आणि मधोमध त्याच दिवशी केलेल्या 'हिरव्या मण्या'चं भलं मोठं भांडं. बायका भाकरीच्या तुकड्याने तो उचलत होत्या, सुस्कारे टाकत होत्या, हसत होत्या. परदेशात हे कशाशी खातील यावर वाद चालला होता.

प्रभाताई कडेला बसल्या होत्या, भिंतीला टेकून. त्यांच्या ताटलीत दहीभात. फोडणी नाही, मिरची नाही, नुसता पांढरा. त्यांना त्रास न देणारं तेवढंच अन्न होतं. त्या एक घास घेत होत्या आणि एकेकीच्या तोंडाकडे बघत होत्या, आणि मी त्यांच्याकडे.

हिराबाईने भाकरीचा तुकडा भांड्यात बुडवला आणि तोंडाशी नेता नेता थांबली. ताटली उचलून उठली आणि ताईंच्या शेजारी जाऊन बसली. मग घास तोंडात घातला, सावकाश चावला. आम्हाला वाटलं, जागा बदलली असेल उन्हाने.

"आधी थंड लागतंय," हिराबाई हळू आवाजात सांगायला लागली. "पहाटं बागेत शिरल्यावर पान लागतं ना गालाला, तसं. मग आंबट येतंय. एकदम नाय, कडेनं येतंय, गालाच्या आतून."

ताईंनी दहीभाताचा घास तोंडात घेतला आणि डोळे मिटले.

"मिरची अजून लांब हाय. धूर येतोय तिचा आधी. चुलीवर भाजलेली हाय, गॅसवरची नाय. आता लसूण. गोड झालाय ताई, लय मऊ."

सगळ्या जणी त्या दोघींकडे बघत होत्या. प्रभाताई डोळे मिटून, अगदी सावकाश, तो बेचव भात चावत होत्या.

हिराबाईने घास गिळला आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडला.

"हं," प्रभाताई डोळे न उघडता म्हणाल्या. "मिरची आली का?"